दुसऱ्या मताचं काय झालं?

माझ्या आजोबांची एक गोष्ट आमच्या घरात विनोद म्हणून सांगितली जायची. "पहिल्या इलेक्शनाक माका दोन मतां होती," असं ते म्हणायचे. आम्ही नातवंडं हसायचो. एका माणसाला दोन मतं कशी असतील? आजोबा वैतागायचे आणि मग मान ताठ करून पुढचं वाक्य टाकायचे, "दोनय मतां डांग्यांक घातलंय!" गोष्ट तिथे संपायची. लालबागच्या चाळीत वाढलेल्या आमच्या अख्ख्या कुटुंबासाठी ही निष्ठेची गोष्ट होती. मालवणाकडून आलेला तरुण, गिरणीतल्या साचेखात्यात नुकताच चिकटलेला, लाल बावट्यावर एवढं प्रेम की एक मत पुरलं नाही.

आजोबा जाऊन आता सात वर्षं झाली. ही गोष्ट मी कॉलेजात, हॉस्टेलवर, नंतर ऑफिसात बऱ्याच वेळा सांगितली आहे. शेवटची सांगितली ती २१ मे २०२४ ला. आदल्या दिवशी मुंबईत लोकसभेचं मतदान झालं होतं. लोअर परळच्या आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये सगळे बोटावरची शाई दाखवत होते. ही इमारत एका जुन्या गिरणीच्या आवारात उभी आहे, चिमणी तेवढी शोभेला ठेवली आहे. मी नेहमीप्रमाणे आजोबांची गोष्ट टाकली. सगळे हसले. माझ्या टीममधला एकजण हसला नाही. तो नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेला. त्याने डबा बाजूला सरकवला आणि शांतपणे विचारलं, "बावन्न साली ना? म्हणजे त्यातलं एक बाद झालं. आणि ते बाद झालेलं मत बाबासाहेबांना मिळू शकलं असतं. हे तुला माहीत आहे ना?"

मला माहीत नव्हतं.

त्या रात्री घरी येऊन मी निवडणूक आयोगाचा १९५१-५२ च्या निवडणुकीचा अहवाल उघडला. कोड लिहिणाऱ्या माणसाला एक सवय असते. कुठे काहीतरी चुकलंय असं कोणी म्हटलं, की वाद घालण्याआधी लॉग बघायचा. पुढचं सगळं त्या लॉगमधून सुरू झालं.

एक मतदारसंघ, दोन खासदार

ज्या मतदारसंघात आजोबांनी मत टाकलं त्याचं नाव होतं 'मुंबई शहर उत्तर'. आज तो अस्तित्वात नाही. आजच्या 'मुंबई उत्तर'शी त्याचा संबंध नाही, कारण आजचा उत्तर मतदारसंघ बोरिवली-कांदिवलीकडे आहे. १९५२ ला 'मुंबई शहर' म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचं बेट. त्याचे दोन तुकडे केले होते. दक्षिणेचा तुकडा फोर्ट-गिरगावकडचा, तिथून स. का. पाटील निवडून आले. उत्तरेच्या तुकड्यात होतं गिरणगाव. चाळी, भोंगे, खानावळी, परळ-नायगावच्या कामगार वस्त्या आणि दादरची मध्यमवर्गीय घरं. हिंदू कॉलनीतलं 'राजगृह'ही इथेच. म्हणजे डॉ. आंबेडकरांचं घर, आणि त्याआधी ते ज्या बीआयटी चाळीत राहिले ती परळची चाळ, दोन्ही याच भागातली.

या मतदारसंघातून लोकसभेवर एक नाही, दोन खासदार जायचे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशभरात ४०१ मतदारसंघ होते आणि जागा होत्या ४८९. त्यातले ३१४ मतदारसंघ एका सदस्याचे, ८६ दोन सदस्यांचे आणि एक तर चक्क तीन सदस्यांचा. दोन सदस्यांच्या मतदारसंघात साधारणपणे एक जागा सर्वांसाठी खुली आणि दुसरी अनुसूचित जातीसाठी किंवा जमातीसाठी राखीव असायची. मतदार सगळे एकच, आणि प्रत्येकाला दोन मतं.

म्हणजे आजोबा खरं बोलत होते.

या व्यवस्थेचं मूळ १९३२ च्या पुणे करारात आहे. आंबेडकरांना अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ हवे होते, जिथे दलितांचा प्रतिनिधी दलितच निवडतील. गांधींच्या येरवड्यातल्या उपोषणानंतर तडजोड झाली ती अशी की जागा राखीव, पण मतदार सगळे. आंबेडकरांची भीती तेव्हापासून एकच होती. सगळे मतदार मिळून जो दलित उमेदवार निवडतील, तो दलितांना हवा असलेला असेलच असं नाही. दोन सदस्यांचा मतदारसंघ म्हणजे त्या तडजोडीचं यंत्र होतं. १९५२ च्या जानेवारीत ते यंत्र खुद्द आंबेडकरांवर चाललं.

दोन पत्रिका, दोन पेट्या

आधी मतदान कसं व्हायचं ते समजून घेऊ, कारण सगळी गोम तिथे आहे.

आपल्याला मतपत्रिकेवर शिक्का मारायची किंवा बटण दाबायची सवय आहे. १९५२ ला तसं नव्हतं. मतदान केंद्रात पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी ठेवलेली असायची. देशभरासाठी अशा लाखो पेट्या लागल्या. त्यातल्या बारा लाखांहून जास्त पेट्या आपल्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या. पेटीवर उमेदवाराचं चिन्ह चिकटवलेलं. काँग्रेसची बैलजोडी, समाजवादी पक्षाचं वडाचं झाड, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती, कम्युनिस्टांचं कणीस आणि विळा. मतपत्रिकेवर काही लिहायचं नाही. कोरा कागद घ्यायचा आणि आपल्या चिन्हाच्या पेटीत टाकायचा. बहुसंख्य मतदारांना वाचता येत नसलेल्या देशात हा अतिशय हुशार उपाय होता.

दोन सदस्यांच्या मतदारसंघात प्रत्येकाच्या हातात असे दोन कागद यायचे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ सांगत होता की जितक्या जागा तितकी मतं, पण एका उमेदवाराला एकाच मतदाराचं एकच मत. दोन्ही कागद एकाच पेटीत टाकले, तर एक धरायचा आणि दुसरा बाद करायचा.

इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली अशी की हा नियम सगळ्यांना नवा होता. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबई इलाख्यातल्या अनेक सदस्यांच्या मतदारसंघात मतदाराला आपली सगळी मतं एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता यायची. त्या निवडणुकीत भायखळा-परळ भागातून स्वतंत्र मजूर पक्षाचे आंबेडकर निवडून आले होते, काँग्रेसचे उमेदवार आणि प्रसिद्ध क्रिकेटपटू पी. बाळू यांना हरवून. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी जे करणं हक्काचं होतं, ते केलं तर आता एक कागद केराच्या टोपलीत जात होता. दुसरी गोष्ट जास्त टोचणारी आहे. १९५१ च्या या कायद्याचं विधेयक संसदेत पुढे नेणारे कायदामंत्री होते डॉ. आंबेडकर.

पाच आकडे

आता निकाल. मुख्य पाच उमेदवारांची मतं अशी होती. विठ्ठल बाळकृष्ण गांधी (काँग्रेस) १,४९,१३८. अशोक मेहता (समाजवादी) १,३९,७४१. नारायण सदोबा काजरोळकर (काँग्रेस) १,३८,१३७. डॉ. भीमराव आंबेडकर (शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन) १,२३,५७६. श्रीपाद अमृत डांगे (कम्युनिस्ट) ९६,७५५.

निवडून आले गांधी आणि काजरोळकर. राखीव जागेच्या उमेदवारांत काजरोळकर पुढे होते, म्हणून ती जागा त्यांची. उरलेल्यांत सगळ्यात पुढे गांधी, म्हणून खुली जागा त्यांची. या हिशोबात एक गंमत आहे. अशोक मेहता एकूण यादीत दुसरे आले आणि हरले. काजरोळकर तिसरे आले आणि जिंकले. आणि राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष, मुंबईतल्या आपल्याच घरच्या मतदारसंघात चौथे आले. काजरोळकरांपेक्षा १४,५६१ मतांनी मागे.

मी हे आकडे स्प्रेडशीटमध्ये टाकून बराच वेळ बघत बसलो. समाजवादी पक्ष आणि फेडरेशन यांची युती होती. मेहता खुल्या जागेचे, आंबेडकर राखीव जागेचे. मतदाराने एक कागद झाडाच्या पेटीत आणि दुसरा हत्तीच्या पेटीत टाकावा असं ठरलेलं. काँग्रेसमध्येही तसंच, गांधी आणि काजरोळकर, दोन्ही बैलजोडी. दोन्ही जोड्यांमध्ये वजाबाकी करून बघा. गांधींपेक्षा काजरोळकरांना ११,००१ मतं कमी. मेहतांपेक्षा आंबेडकरांना १६,१६५ मतं कमी.

दोन्ही जोड्यांत दलित उमेदवार मागे राहिला. पक्ष वेगळे, चिन्हं वेगळी, गळती एकाच दिशेने. मेहतांना मिळाली तितकीच मतं आंबेडकरांना मिळाली असती, तर १,३९,७४१ विरुद्ध १,३८,१३७. ते १,६०४ मतांनी जिंकले असते. मेहतांचे आणि आंबेडकरांचे मतदार एकास एक सारखे नसणार, हे मान्य. हत्तीला मत देणाऱ्या काहींनी झाडाला दिलं नसेल, झाडाला देणाऱ्या त्याहून जास्त लोकांनी हत्तीला दिलं नसेल. वजाबाकीत फक्त शेवटची शिल्लक दिसते. पण शिल्लक कोणाच्या बाजूची आहे ते स्पष्ट दिसतं.

आणि या सगळ्याच्या बाजूला बाद मतांचा ढीग होता. सत्तर हजारांहून जास्त. पराभवाचं अंतर साडेचौदा हजार, आणि बाद मतं त्याच्या जवळपास पाचपट.

आजोबांचा कागद

आंबेडकर आणि अशोक मेहता या निकालाविरुद्ध निवडणूक न्यायाधिकरणात गेले. त्यांचा मुख्य आरोप असा की डांगे आणि कम्युनिस्ट कार्यकर्त्यांनी मतदारांना दुसरं मत मुद्दाम वाया घालवायला सांगितलं. आपल्याला दोन्ही द्या, म्हणजे एक बाद झालं तरी चालेल, पण ते दुसऱ्या कोणाच्या पेटीत जायला नको. याचिका फेटाळली गेली. आंबेडकर त्याच वर्षी मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले. १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत ते पुन्हा उभे राहिले. तोही दोन जागांचाच मतदारसंघ, जोडीला पुन्हा अशोक मेहता. या वेळी मेहता जिंकले आणि आंबेडकर हरले. राज्यघटना घडवणारा हा माणूस प्रौढ मताधिकारावरच्या निवडणुकीतून लोकसभेत कधीच पोचला नाही.

सत्तर हजार बाद कागदांवर कोणाचं नाव नव्हतं. हत्तीवर जीव असलेल्या माणसाचाही हात दोन्ही वेळा हत्तीच्याच पेटीकडे गेला असणं शक्य आहे, आणि बैलजोडी दोन पेट्यांवर बघून गोंधळलेलेही असतील. पण माझ्याकडे त्यातल्या एका कागदाचा इतिहास आहे. तो गोंधळून टाकलेला नव्हता. तो टाकणारा पुढची साठ वर्षं अभिमानाने सांगत होता.

का टाकला असेल? आजोबा वाईट माणूस नव्हते असं लिहिण्याचा मोह होतो, पण तो मुद्दा नाही. मुद्दा समजायला गिरणीत जावं लागतं.

आजोबा साचेखात्यात होते, म्हणजे मागावर कापड विणणारे. गिरणीत त्यातल्या त्यात बऱ्या पगाराचं काम. दलित कामगारांना या खात्यात प्रवेश नसायचा. त्यांना सूतकताईच्या खात्यात, कमी पगारावर ठेवलं जायचं. कारण असं की धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा दोरा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाच धोट्याला अनेकांची तोंडं लागायची. सवर्ण विणकरांना तो विटाळ वाटायचा. १९२८ च्या सहा महिन्यांच्या मोठ्या संपात आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला. कामगार सगळे एक, असं म्हणणाऱ्या युनियनला त्यांचा प्रश्न सरळ होता. एक असाल तर साचेखातं उघडा.

तरीही दोन्ही प्रवाह कायमचे वेगळे नव्हते. ७ नोव्हेंबर १९३८ ला काँग्रेस सरकारच्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला. तो आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून केला. आंबेडकर आणि डांगे एकाच लढ्यात होते. पण ते टिकलं नाही. कम्युनिस्टांना वाटायचं जातीच्या नावाने कामगारवर्ग फुटतो. आंबेडकरांना वाटायचं वर्गाच्या नावाने जात झाकली जाते. १९५१ च्या फेडरेशनच्या जाहीरनाम्यात कम्युनिस्ट पक्षाशी सहकार्य करणार नाही असं स्वच्छ लिहिलेलं होतं. म्हणजे १९५२ च्या जानेवारीत दार दोन्ही बाजूंनी बंद होतं. लाल बावट्याच्या मतदाराने एक कागद कणसाच्या पेटीत टाकला, की त्याच्या हातात दुसरा उरायचा. समोर बैलजोडी, म्हणजे सरकार. शेजारी हत्ती, म्हणजे ज्याच्याशी पक्षाचं भांडण.

आणि साचेखात्यातल्या माझ्या आजोबांसाठी हत्ती म्हणजे आणखीही काहीतरी असणार. ज्या धोट्यावरून चाळीत कुजबुज चालायची तो धोटा. ते कधी बोलले नाहीत. मी कधी विचारलं नाही, कारण विचारण्याएवढं मला कळलंच नव्हतं. माझ्यासाठी तो विनोद होता.

पाच वर्षांनी तीच पेटी

गोष्ट इथे थांबली असती, तर मी हा लेख लिहिला नसता. टीममधल्या मित्राला सॉरी म्हणून विषय संपवला असता.

१९५७ ला मतदारसंघांची फेररचना झाली. गिरणगावाचा मोठा भाग 'मुंबई शहर मध्य' या नव्या मतदारसंघात आला. तोही दोन जागांचा. एक खुली, एक राखीव. प्रत्येकाला पुन्हा दोन कागद. नियम तोच, एका पेटीत दोन टाकले तर एक बाद.

मधल्या पाच वर्षांत मात्र शहर बदललं होतं. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून पेटलेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. हुतात्म्यांचा आकडा १०६ म्हणून आपण शाळेत शिकतो. त्यातले अनेक गिरणगावातले. फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि तिच्यात कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन एकत्र बसले. हे सोपं नव्हतं. आंबेडकरांनी १९५५ मध्ये भाषावार राज्यांवर लिहिताना मुंबईचा वेगळाच विचार मांडला होता, आणि कम्युनिस्टांबद्दलचं त्यांचं मत काही बदललं नव्हतं. तरी फेडरेशन समितीत आलं. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. जिथे ते हरले होते त्याच भागातून त्यांची अंत्ययात्रा गेली, आणि रस्त्यावर लाखो माणसं होती.

त्यानंतर काही महिन्यांतच निवडणूक झाली. 'मुंबई शहर मध्य'मधून समितीचे उमेदवार होते खुल्या जागेवर श्री. अ. डांगे आणि राखीव जागेवर फेडरेशनचे जी. के. माने. दोघेही निवडून आले. नाशिकहून फेडरेशनचे दादासाहेब गायकवाडही लोकसभेत पोचले.

मी पुन्हा नियमाकडे बघितलं. दोन जागांच्या मतदारसंघात जोडीचे दोन्ही उमेदवार जिंकायचे, तर एका पक्षाच्या मतदाराने दुसरा कागद दुसऱ्याच्या पेटीत टाकावा लागतो. लाल बावट्याच्या माणसाने मान्यांच्या, निळ्या झेंड्याच्या माणसाने डांग्यांच्या. १९५२ ला ज्या डांग्यांवर बाबासाहेबांना पाडल्याचा आरोप होता, त्यांच्या पेटीत नायगावच्या चाळीतल्या लोकांनी कागद टाकला. आणि साचेखात्यातल्या लोकांनी फेडरेशनच्या उमेदवाराला. हात तेच, वस्त्या त्याच, नियम तोच. मधल्या काळात एवढंच झालं होतं की दोघांना एकमेकांची गरज समजली होती आणि ती समजावून सांगायला माणसं चाळीचाळीत फिरली होती.

याने जात संपली असं मी म्हणत नाही. साचेखातं एका निवडणुकीने उघडलं नाही. पण दुसरा कागद हलला.

दुसरं मत संपलं

दोन जागांचे मतदारसंघ फार टिकले नाहीत. १९५७ च्या निवडणुकीत देशभरात असे ९१ मतदारसंघ होते. त्यातला एक आंध्रातला पार्वतीपुरम. तिथे एक जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव होती. पण मतमोजणीत खुल्या जागेवरही जमातीचाच उमेदवार पुढे निघाला आणि हरले कोण, तर व्ही. व्ही. गिरी, जे पुढे राष्ट्रपती झाले. गिरी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने सांगितलं की राखीव जागा ही किमान हमी आहे, खुल्या जागेवर कोणीही जिंकू शकतो. १९५२ ला मुंबईत याच व्यवस्थेत आंबेडकर हरले तेव्हा ती मोडायची घाई कोणाला झाली नव्हती. १९६१ मध्ये संसदेने कायदा करून दोन सदस्यांचे मतदारसंघ रद्द केले. मोठे मतदारसंघ, दुप्पट खर्च, मतदारांचा गोंधळ, ही कारणं होतीच, आणि ती खोटीही नव्हती. गिरींसारख्या निकालांनी निर्माण केलेली अस्वस्थताही होती.

'मुंबई शहर मध्य'चे दोन तुकडे झाले. १९६२ ला मध्य-दक्षिणेतून आले विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि मध्य-उत्तरेतून नारायण काजरोळकर. बावन्न सालची तीच काँग्रेसची जोडी, आता वेगवेगळ्या मतदारसंघांतून. डांगे १९६७ ला परत लोकसभेत गेले. मग आणखी फेररचना झाल्या, नावं बदलली, गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकेक करून बंद पडल्या. आजोबांचीही त्याच संपात गेली. २००८ च्या फेररचनेनंतर आज परळ-लालबाग 'मुंबई दक्षिण'मध्ये आहे, मलबार हिल आणि कुलाब्याबरोबर. दादर 'दक्षिण-मध्य'मध्ये आहे, चेंबूर आणि धारावीबरोबर. बाबासाहेबांची परळची चाळ आणि त्यांचं राजगृह यांच्यामधून आता लोकसभेची हद्द जाते.

आज आपल्या सगळ्यांना एकच मत आहे. ते आपण आपल्याला हव्या त्या माणसाला देतो आणि घरी येतो. दुसऱ्या मताची अडचण अशी होती की ते तुमच्या माणसासाठी नव्हतंच. पहिलं मत देऊन झाल्यावर ते हातात उरायचं आणि विचारायचं, आता तुझ्याशिवाय आणखी कोण? बावन्न साली सत्तर हजार कागदांवर या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही.

आजी

हे सगळं वाचून झाल्यावर मी आजीकडे गेलो. ती आता नव्वदीला टेकली आहे, डोंबिवलीला काकांकडे असते. ऐकायला कमी येतं, पण जुनं सगळं लख्ख. मी तिला बावन्न सालचं विचारलं. ती म्हणाली, तेव्हा मी गावी होते, माझं लग्न व्हायचं होतं. मग मी सत्तावन सालचं विचारलं.

"ता माझा पयला मत," ती म्हणाली. "तुझो आजो माका चार दिवस शिकवी होतो. दोन कागद गावतले. दोनय एका पेटयेत घालू नको. घातलंस तर एक फुकट जाता."

"त्यांना कसं माहीत, फुकट जातं म्हणून?"

"तेंका कोणी तरी सांगलेला. समितीची माणसा चाळीत येयत." मग जरा थांबून म्हणाली, "एक डांग्यांक घातलंय. आणि एक बाबासाहेबांच्या माणसाक."

त्या माणसाचं नाव तिला आठवलं नाही. मी सांगितलं, माने. "हां, असात," ती म्हणाली आणि चहा घेतोस काय विचारलं.

आजोबांनी आम्हाला नेहमी पहिल्या निवडणुकीची गोष्ट सांगितली. दुसऱ्या निवडणुकीची कधीच सांगितली नाही. दोन्ही मतं एकालाच दिली, ही गोष्ट सांगायला सोपी आहे. आपण आधी जे केलं ते वाया गेलं होतं आणि पाच वर्षांनी आपण वेगळं वागलो, ही गोष्ट सांगायला अवघड असते. त्यांना ती सांगाविशी वाटली नसेल, किंवा तिच्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलं नसेल. मला मात्र तीच जास्त महत्त्वाची वाटते. पहिली गोष्ट आता मी एकटी सांगत नाही.

आजीचं बोलणं मी फोनवर रेकॉर्ड केलं होतं. ती क्लिप मी ऑफिसातल्या मित्राला पाठवली. सोबत लिहिलं की बावन्न सालचं तू म्हणालास ते बरोबर होतं, एक कागद बाद झाला आणि तो आमच्या घरचा होता. दोन दिवस त्याचं काही उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी जेवायला बसलो तेव्हा त्याने डबा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "माझ्या आजीला ऐकवलं मी. ती म्हणाली, सत्तावन साली आम्हालाही तसंच शिकवलं होतं. एक आपल्या माणसाला, एक त्यांच्या."